किचनच्या लाद्या आणि माझं कच्चं बिल

मुलुंडच्या आमच्या घरात मे महिन्यात किचन आणि डायनिंगची लादी बदलली, त्यात मी कशी फसले ते लिहितेय. डायनिंग म्हणजे फार मोठं काही समजू नका, किचन आणि हॉलच्या मधे एक तुकडा आहे तिथे चार खुर्च्यांचं टेबल बसतं, त्याला आम्ही डायनिंग म्हणतो. दोन्ही मिळून १६० स्क्वेअर फूट. जुनी मोझॅक लादी सिंकपाशी खचली होती आणि सासूबाईंचा पाय तिथे दोनदा मुरगळला, तेव्हा ठरलं आता बास.

मी अभ्यास करून गेले होते हो. व्हिडिओ बघून बघून सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइडमधला फरक पाठ झाला होता, व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही पाणी पीत नाही म्हणून सॅम्पल उलटं करून मागच्या बाजूला पाणी टाकून बघायचं, ते पण मी दुकानात पर्समधली बाटली काढून केलं. पाणी तसंच्या तसं राहिलं. दुकानदार हसून म्हणाला, "वहिनी, तुमच्यासारखं गिऱ्हाईक आलं की आम्हालाच घाम फुटतो." मी खूश! पण पाण्याने फक्त लादी कशाची बनलीय ते कळतं, ती कुठल्या ग्रेडची आहे ते नाही कळत, आणि ग्रेड हा शब्द मी त्या दुकानात एकदाही काढला नाही.

ग्रेडचं असं असतं की गुजरातमधल्या मोरबीच्या कारखान्यात एकाच डिझाइनच्या लाद्यांची छाननी होते, सपाट आणि मापात असलेली ती प्रीमियम, आणि जरा वाकलेली, टवका उडालेली, डाग असलेली ती खाली जाते, तिला कुणी स्टँडर्ड म्हणतं कुणी कमर्शियल. लांबून दोघी सख्ख्या बहिणी. भावात मात्र बराच फरक.

मला दाखवली ती २ बाय ४ ची मॅट, प्रीमियम म्हणून, ८५ रुपये फुटाने. तो म्हणाला बॉक्समधे दोन लाद्या म्हणजे १६ फूट, १२ बॉक्सचे १९२ फूट, १६,३२० रुपये. पहिली मेख इथेच होती. २ बाय ४ हे नुसतं बोलायचं माप, खरी लादी ६०० बाय १२०० मिलिमीटर, दोन लाद्यांचे साडेपंधराच फूट भरतात. म्हणजे ५१० रुपये हवेतले. बरं, ते सोडा.

मग म्हणाला, पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी, २,९३८ वाढतील, नाहीतर कच्च्यात देतो, माल तोच. हे म्हणाले पक्कं घे. मीच म्हटलं कशाला, तेवढ्यात सिंकचा नळ येईल. ५,००० कुणा भाच्याच्या नंबरवर मोबाइलवरून पाठवले, बाकी कॅश.

टेम्पो आला रात्री साडेनऊला. सोसायटीत लिफ्टमधून माल न्यायचा नाही, हमालांनी तीन मजले चढवला, वॉचमन आवाज करू नका म्हणून मागे लागलेला, आणि मी पॅसेजमधे उभी राहून चलानवर सही केली की माल बरोबर मिळाला. एकही बॉक्स उघडला नाही.

दोन दिवसांनी मिस्त्रीने दोन लाद्या तोंडाला तोंड लावून ठेवल्या आणि वरची बोटाने ढकलली तर ती चक्क भोवऱ्यासारखी फिरली. "भाभी, माल टेढ़ा है, बीच में पेट निकला है." मी दुकानात फोन लावला. "वहिनी, हाताला सफाई नसली की मिस्त्री मालाला नावं ठेवतो. मोठ्या लादीत थोडंफार वाकणं असतंच." यातलं दुसरं वाक्य खरं आहे, म्हणूनच पहिलं गळी उतरलं. आणि घरात काय परिस्थिती, जुनी लादी गोण्यांत भरून गेलेली, गॅस बाल्कनीत, जेवण बाहेरून, सोसायटीची परवानगी शनिवारपर्यंत! म्हटलं लावून टाका. वर माझा हट्ट की विटांसारखी, अर्ध्यावर जॉइंट येईल अशी लावा. मिस्त्री म्हणत होता एक तृतीयांशावर घेऊ, नाहीतर एकीच्या पोटाशेजारी दुसरीचं टोक येऊन अंगठ्याला ठेचा लागतील. लागतात.

मग नवीन लादीवर चरे पडू नयेत म्हणून रिकाम्या बॉक्सचे पुठ्ठे पसरले होते, प्लंबरने सिंक जोडताना त्यावर पाणी सांडलं आणि प्रीमियम लिहिलेलं स्टिकर सुटून आलं. खाली दुसरं, कमर्शियल. मी खाली बसून एकेक पुठ्ठा नखाने खरवडला. सगळ्यांवर तेच. शिवाय बॅच नंबर दोन वेगळे, सात बॉक्स एक, पाच दुसरे, आणि बॅच बदलली की रंगाची छटाही जरा बदलते. डायनिंगचा भाग सकाळच्या उन्हात पिवळट का दिसतो ते तेव्हा कळलं.

पुठ्ठे घेऊन दुकानात गेले तर म्हणतो, "हे आमच्याकडचंच कशावरून?" माझ्याकडे गुलाबी चिठ्ठी, त्यावर 'टाइल्स १२ बॉक्स' आणि रक्कम. दुकानाचं नाव नाही, कंपनी नाही, ग्रेड नाही. भाचा म्हणे दुकानात नसतोच.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, पलीकडची मुलगी चांगली बोलली पण पहिला प्रश्न बिल आहे का. नणंदेचे यजमान वकील आहेत, ते म्हणाले २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण माल त्याच्याकडूनच घेतला हे आधी दाखवावं लागेल. नशिबाने त्याने डिझाइनचा फोटो आणि भाव व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तो मी डिलीट केला नव्हता. त्यावर आता नोटीस तयार होतेय.

तुम्ही घेणार असाल तर बिलावर कंपनी, डिझाइन, माप, ग्रेड आणि बॅच नंबर लिहून घ्या, आणि हमाल उभे असतानाच प्रत्येक बॉक्सची बाजू बघा, स्टिकरवर स्टिकर दिसलं की उचकटा, वॉचमन ओरडू दे.

लादी परत फोडायची तर मजुरी, डेब्रिज, नवीन माल सगळं धरून पहिल्यापेक्षा जास्त जातंय, त्यामुळे सध्या आहे तशीच आहे. टेबल डुगडुगतं, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलीय. स्टिकरवाले पुठ्ठे मात्र कपाटात ठेवलेत, वकिलांनी सांगितलंय.