थिवी–मडगाव रोजचा प्रवास: तिकीट ॲप, मासिक पास आणि बसचे सुट्टे पैसे

गोव्यात पेडणे-थिवीकडून वेर्ण्याला किंवा मडगावला नोकरीसाठी रेल्वेने जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिलंय. गेले काही महिने मोबाइलचं तिकीट, खिडकीवरचं तिकीट आणि मासिक पास, सगळं वापरून झालं. प्रवास म्हणाल तर रेल्वेला तोड नाही, पावसाळ्यात तर दुचाकीपेक्षा कितीतरी सुखाचा. घोडं अडतं ते तिकिटावर.

आधी रेल्वेच्या तिकीट ॲपबद्दल. पेपरलेस, म्हणजे फोनवरच दाखवायचं तिकीट स्टेशनात किंवा रुळांच्या अगदी जवळ उभं राहून काढता येत नाही. टीसी दिसल्यावर घाईघाईने तिकीट काढण्याचा मार्ग बंद व्हावा म्हणून जीपीएसची ही मर्यादा घातली आहे, आणि ती रास्त आहे. पण छपराखाली किंवा दाट ढगांत फोनचं लोकेशन थोडं सरकतं, आणि बाहेर रिक्षापाशी उभा असलेला माणूसही ॲपला स्टेशनाच्या आत दिसतो. यावर उपाय सोपा आहे. स्टेशनापासून ठरावीक अंतराच्या आत असण्याची अट 2024 मध्ये काढून टाकली, त्यामुळे तिकीट घरून किंवा म्हापशाहून येणाऱ्या बसमध्येच काढावं. फार लवकर मात्र नको, कारण 200 किलोमीटरच्या आतल्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो. स्टेशनात पोहोचलाच असाल तर तिथे लावलेला क्यूआर कोड ॲपमधून स्कॅन केला की आतूनही तिकीट निघतं. तो कुठे चिकटवलाय हे एकदा निवांतपणे पाहून ठेवा.

पैसे आर-वॉलेटमधून, म्हणजे ॲपमध्ये आधीच पैसे भरून ठेवलेल्या पाकिटातून भरा. रेंज कमी असताना यूपीआयने भरायला गेलं की बँकेतून पैसे जातात आणि तिकीट तयार होत नाही. पैसे परत येतात, पण गाडी तोवर गेलेली असते. वॉलेटमध्ये बँकेचा फेरा वाचतो, शिवाय 3 टक्के बोनस मिळतो. तिकीट ॲपमध्येच उघडून दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट, म्हणजे भाडं अधिक किमान 250 रुपये दंड.

आता गाडीचा प्रकार. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. तिकीट काढताना ऑर्डिनरी, मेल-एक्सप्रेस की सुपरफास्ट हे निवडावं लागतं. ऑर्डिनरीचं किमान भाडं 10 रुपये, एक्सप्रेसचं 30. मांडवी (10103/10104) एक्सप्रेस आहे, तर कोकणकन्या 2023 पासून 20111/20112 या क्रमांकांनी सुपरफास्ट म्हणून धावते, म्हणजे सेकंड क्लासला वर 15 रुपये अधिभार. सावंतवाडी–मडगाव पॅसेंजरचं तिकीट हातात आहे, ती उशिरा आहे, आणि समोर एक्सप्रेस येऊन उभी राहिली, तर त्या तिकिटावर चढता येत नाही. तोच फलाट, तेच मडगाव, पण तिकीट वेगळं. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी गाड्या थांबतात, पावसाळी वेळापत्रकात वेग कमी असतो, म्हणून अशी वेळ वारंवार येते.

मासिक पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो आणि रोज जाणाऱ्याला तोच परवडतो. ॲपवर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, म्हणून संपायच्या आदल्या दिवशीच नवा काढावा. सुपरफास्टसाठी इथेही अधिभार वेगळा भरायचा, आणि पास आहे म्हणून आरक्षित डब्यात शिरता येत नाही.

पण हे सगळं जमलं तरी प्रवासाच्या एकाच तुकड्याचा प्रश्न सुटतो. थिवी स्टेशन म्हापशाला लागून नाही, करमळी पणजीला लागून नाही, आणि मडगाव स्टेशनापासून कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा स्टँड चालत जाण्यासारखा नाही. दोन्ही टोकांना बस लागतेच. कदंबचा पास सगळ्या खासगी बसमध्ये चालत नाही, खासगीत बहुतेकदा रोख द्यायची, आणि यातलं काहीच रेल्वेत चालत नाही. पावसात एका हातात छत्री, ओल्या अंगठ्याला दाद न देणारा स्क्रीन, आणि कंडक्टर म्हणतोय, ‘सुट्टे द्या.’ यावर आणखी एक ॲप हे उत्तर नव्हे.

उत्तर तयार आहे: 4 मार्च 2019 रोजी सुरू झालेलं राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे वेगवेगळ्या वाहनांसाठी एकच कार्ड, मुंबई-पुण्याच्या मेट्रोत चालतं तेच. पैसे कार्डाच्या चिपमध्येच असतात, 2000 रुपयांपर्यंत, त्यामुळे टेकवताना रेंज लागत नाही आणि पिनही नाही. गोव्यासाठी हाच मोठा फायदा. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी लागते: ऑनलाइन भरलेले पैसे आपोआप चिपवर येत नाहीत, मशीनला कार्ड लावून ते चिपवर उतरवावे लागतात. म्हणून अशी मशीन स्टेशनावर आणि बसस्टँडवरही हवीत.

आपल्या स्टेशनांना मेट्रोसारखी फाटकं नाहीत, पण त्याने काही बिघडत नाही. फलाटाच्या वाटेवर खांबावर वाचक यंत्र बसवायचं, चढण्याआधी एकदा आणि उतरल्यावर एकदा कार्ड टेकवायचं. उतरताना विसरलात तर त्या मार्गाचं कमाल भाडं कापलं जाईल. टीसीच्या हातातल्या यंत्रावर शेवटची नोंद दिसली की तपासणी झाली. खरा पेच गाडीच्या प्रकाराचा आहे, कारण कोणत्या गाडीत बसलात हे खांबाला कळत नाही. त्यासाठी पेडणे ते काणकोण आणि वास्को ते कुळे एवढ्या टप्प्यात अनारक्षित प्रवासाला एकच दर लावावा. सुपरफास्टच्या 15 रुपयांसाठी सगळी व्यवस्था अडवून ठेवू नये.

हिशेबाचं काम किचकट आहे, कारण वास्को–कुळे मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेचा आणि पेडणे–काणकोण मार्ग कोकण रेल्वेचा. त्यात कदंब आणि शेकडो खासगी बसमालक. हा हिशेब पडद्यामागे, दिवसाअखेर, क्लिअरिंगमधून, म्हणजे कोणाचे किती पैसे हे एकत्र जुळवून व्हावा. प्रवाशाला त्याच्याशी देणंघेणं नाही. सुरुवात थिवी, करमळी, मडगाव आणि या तिन्ही स्टेशनांना जोडणाऱ्या बसपासून करता येईल. खासगी बसवाल्यांना पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात मिळाले तरच ते मशीन लावतील, त्यामुळे करारात हे कलम पहिलं हवं.