पायवरचा ट्रेडिंग बॉट: नऊ महिने झाले, आता त्या घड्याळाबद्दल

रास्पबेरी पाय ४ (हातात मावणारा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय'), चार जीबी. त्यावर पायथॉनमध्ये लिहिलेला, क्रिप्टोची आपोआप खरेदी-विक्री करणारा बॉट, नोंदींना एसक्यूलाइट डेटाबेस, डॅशबोर्डला स्ट्रीमलिट, एक तासाच्या कँडलवर (तेवढ्या वेळातल्या भावांची नोंद) २० आणि ५० चा ईएमए (अलीकडच्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी; दोन सरासऱ्यांनी एकमेकींना छेदलं की सौदा). ही जुळणी कशी करायची ते सगळीकडे लिहिलेलं आहे. जे कुठेच ठळक लिहिलेलं नाही ते असं की पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. नागपुरात बॉट चालवायचा असेल तर हे डब्यावर छापायला हवं होतं.

जूनच्या पहिल्या वादळात लाइन, म्हणजे वीज, जाते. दोन तासांनी येते. पाय मिनिटभरात उठतो, पण राउटर आणि फायबरचा डबा जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतात. पाय आपली वेळ दर तासाला एसडी कार्डावर लिहून ठेवतो आणि उठल्यावर तिथूनच पुढे मोजायला लागतो. म्हणजे इंटरनेट येईपर्यंत तो मागच्या वेळेत जगत असतो, आणि बॉट नेमका याच फटीत सुरू होतो.

याचे परिणाम दोन. पहिला लगेच दिसतो: सही केलेल्या प्रत्येक विनंतीत मिलिसेकंदापर्यंत वेळ असते आणि एक्सचेंज, म्हणजे जिथे सौदे होतात तो ऑनलाइन बाजार, ती तपासतं. बायनान्स या एक्सचेंजच्या एपीआयवर (प्रोग्रामने बोलायचं दार) न सांगता मिळणारी सूट ५००० मिलिसेकंद, म्हणजे पाच सेकंद. तेवढ्याबाहेर गेलात की नकार. बॉटमध्ये 'नकार आला की लगेच पुन्हा विचार' असं लिहिलं असेल तर विनंत्यांची मर्यादा ओलांडून काही काळ दारच बंद होतं.

दुसरा परिणाम छुपा आहे. पुढची कँडल किती सेकंदांनी बंद होईल ते मोजून बॉट तेवढा वेळ झोपतो. कँडल यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळ) पूर्ण तासाला बंद होते, म्हणजे आपल्याकडे दर तासाच्या साडेला. समजा खरी वेळ ४:२३ आणि पायच्या मते २:१०. बॉट २:३० साठी वीस मिनिटं झोपतो आणि खऱ्या ४:४३ ला उठतो. मधे इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाली तरी झोप आधीच मोजलेली असते. उठल्यावर यादीतली शेवटची कँडल तो बंद झालेली समजतो, पण ती फक्त तेरा मिनिटांची असते. ईएमएचं छेदन त्या अर्धवट भावावर होतं, खरेदी होते, आणि कँडल बंद होते तेव्हा तिथे छेदनच नसतं. हे नोंदींमध्ये सहज सापडत नाही, कारण झोपण्याआधीच्या नोंदीतली वेळ त्याच चुकीच्या घड्याळाची आणि नंतरची दुरुस्त झालेली.

डॅशबोर्डचंही तेच. स्ट्रीमलिट वेगळा चालतो आणि फक्त डेटाबेस वाचतो, त्यामुळे बॉट मेलेला असला तरी पडदा हिरवागार. बॉटने दर मिनिटाला एक खूण लिहावी आणि ती तीन मिनिटांपेक्षा जुनी झाली की पडदा लाल व्हावा, हा नेहमीचा उपाय. पण खूण आणि तपासणी दोन्ही एकाच घड्याळावर, म्हणजे चोरालाच पहाऱ्यावर बसवलं. खूण एक्सचेंजच्या सर्व्हरकडून मागवलेल्या वेळेने लिहा आणि पडद्यावर दोन्ही वेळांतला फरक मिलिसेकंदात दाखवा. या डॅशबोर्डवर नफ्याच्या आकड्यापेक्षा तो मोठ्या अक्षरात आहे.

उपाय म्हणून आधी डीएस-३२३१ हे सेलवर चालणाऱ्या घड्याळाचं मॉड्यूल जोडलं. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) शेदोनशेत मिळतं. चार तारा: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए, एससीएल. त्या निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगचा सर्किट असतो आणि दुकानदार साधा सीआर-२०३२ सेल घालून देतो, जो चार्ज करायचा नसतोच. म्हणून ५ व्होल्टवर जोडू नका.

सुरुवातीला मत असं होतं की मॉड्यूलशिवाय बॉट चालवूच नये. आता तसं वाटत नाही. इंटरनेट नसेल तर अचूक वेळ घेऊन बॉट करणार काय? सिस्टमडीच्या (पायवरचे प्रोग्राम सुरू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिस फाइलमध्ये 'टाइम-सिंक झाल्यावरच सुरू हो' ही ओळ घाला आणि वेळ जुळेपर्यंत थांबणारी सेवा चालू करा. ती मुळात बंद असते, आणि नुसती ओळ घालून उपयोग होत नाही. खर्च शून्य. मॉड्यूलचे पैसे गेले ते गेले.

लाइन आल्यावर राउटरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ताही बदलतो. एपीआय की (एक्सचेंजने बॉटला दिलेली किल्ली) ठरावीक आयपीला बांधलेली असेल (असावीच, आणि पैसे काढण्याची परवानगी बंद) तर तिकडूनही नकार येतो. घड्याळाचा नकार वेगळा, आयपीचा वेगळा. नकाराचा एरर कोड नीट छापा, नाहीतर रात्रभर भलतंच शोधत बसाल. स्थिर आयपी हवा असेल तर इंटरनेट कंपनीला किंवा भाड्याच्या सर्व्हरला वेगळे पैसे मोजावे लागतात. पाय महिन्याला तीन युनिटसुद्धा खात नाही, म्हणून तो खर्च जिवावर येतो.

खरं सांगायचं तर घड्याळाहून महत्त्वाच्या गोष्टी दोन. स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकून टाकणं) बॉटच्या डोक्यात ठेवू नका, ऑर्डर म्हणून एक्सचेंजवर टाका, म्हणजे लाइन गेली तरी तो जागेवर असतो. आणि प्रत्येक ऑर्डरला स्वतःचा क्रमांक आधी डेटाबेसात लिहून मगच ती पाठवा. उत्तर आलं नाही तर त्याच क्रमांकाने आधी विचारा, नाहीतर एकाच्या दोन खरेद्या होतात. डेटाबेस एसडी कार्डावरून एसएसडीवर हलवा. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हात) पायला हीटसिंक लागतोच, ८० अंशांना तो वेग कमी करतो. कुलरसमोर मात्र ठेवू नका, गार हवेबरोबर ओलही येते.

आता पैसे. १ जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस आहे. नफ्यावर नव्हे, पूर्ण विक्रीवर. २०,००० रुपये रोज एकदा पूर्ण फिरवले आणि भाव जराही हलला नाही तरी तीस दिवसांनी हातात साधारण १४,८०० उरतात. बाकीचे आयकर खात्याकडे, विवरणपत्र भरेपर्यंत. वर तोटा वजा होत नाही. जिंकलेल्या सौद्यांत ६,००० आणि हरलेल्यांत ४,८०० गेले तर डॅशबोर्ड १,२०० हिरवे दाखवतो. कर मात्र ६,००० वर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे १,८७२. मूळ खरेदी किंमत सोडून कसलाच खर्च धरत नाहीत, त्या घड्याळाच्या मॉड्यूलचाही नाही.

त्यामुळे बॅकटेस्टच्या (जुन्या भावांवर पद्धत तपासून पाहणं) शुल्कात टीडीएस धरा. शुल्क खरेदी-विक्री दोन्हीकडे लागत असेल तर प्रत्येकी अर्धा टक्का वाढवा, आणि एक्सचेंजच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. असं केल्यावर एक तासाची पद्धत सरळ तोट्यात गेली. बॉट आता चार तासांच्या कँडलवर आहे. पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ, दुपारी दीड असा उठतो. डीएस-३२३१ काढून ठेवलं आहे, सेलसकट. शंभरात देऊन टाकायचं आहे.