‘वात लई वाढलाय’ची पावती : २१,९०० रुपये

दिवाळी झाली, सोयाबीन आडतीवर गेलं, पैसे हातात आले आणि तालुक्याच्या मंगल कार्यालयाबाहेर फ्लेक्स लागला : मोफत नाडी परीक्षण, प्रकृतीनुसार आहार. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं पन्नाशी ओलांडलेलं जोडपं तिथं गेलं. बाईंचे गुडघे दुखायचे, त्यांच्या मालकांना शुगर होती. संध्याकाळी एसटीत बसताना दोघांकडे दोन पिशव्या आणि एक पावती होती. नोंदणी १०० रुपये, दोघांचे मशीन रिपोर्ट ५००, पायाचा डिटॉक्स १,५००, गुडघ्याचं आणि शुगरचं तीन-तीन महिन्यांचं किट मिळून १८,६००, ‘प्रकृती आटा’ पाच किलो १,२००. एकूण २१,९००. फुकट काय होतं, तर नाडी.

या पावतीची एकेक ओळ उसवून बघू.

नोंदणीपासूनच सुरुवात होते. टेबलावरची मुलगी गोड बोलत फॉर्म भरते : पोट साफ होतं का, झोप लागते का, सांधे कुठले दुखतात, गोळ्या कुठल्या चालू आहेत, शेती किती. फॉर्मचा फोटो माणसाच्या आधी आत पोचतो. आत ‘वैद्य’ मनगट धरून अर्ध्या मिनिटात म्हणतात, “मावशी, वात लई वाढलाय तुमचा. डावा गुडघा रात्री ठणकतो ना?” मावशींना वाटतं, न सांगता ओळखलं की!

फॉर्म नसता, तरी हे वाक्य बहुतेक वेळा बरोबर निघालं असतं. आयुर्वेदात बालपण कफाचं, तारुण्य पित्ताचं आणि उतारवय वाताचं मानलं आहे. पन्नाशीच्या पुढच्या, उन्हातान्हात राबलेल्या कुणालाही मलावरोध, कोरडी कातडी, कटकटणारे सांधे यांतलं काहीतरी असतंच. नाडी नीट बघायची तर सकाळी, रिकाम्या पोटी, माणूस निवांत बसलेला असताना बघतात. जेवण, आंघोळ, तेल लावणं किंवा चालून येणं यानंतर लगेच बघत नाहीत. बसस्टँडपासून पायी आलेल्या, बाहेर चहा घेतलेल्या माणसाची नाडी भरदुपारी अर्ध्या मिनिटात काय सांगणार? शिवाय नाडी ही आठांपैकी एक परीक्षा. मूत्र, मल, जीभ, शब्द, स्पर्श, डोळे आणि आकृती या बाकीच्या सात. शिबिरात जीभसुद्धा कुणी बाहेर काढायला लावत नाही.

मशीनचं तर विचारूच नका. हातात धातूची दांडी धरायची, मिनिटभरानं लॅपटॉपवर यकृत, मूत्रपिंड, कॅल्शियम, ‘विषारी घटक’ असा तीस-चाळीस पानी रंगीत रिपोर्ट. दांडी धरण्याआधी त्यात वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष हे भरलेलं असतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही. रक्ताचा थेंब न घेता यकृताचे आकडे सांगणारी अशी दांडी नसते. खात्री करायची असेल तर त्याच माणसाला दहा मिनिटांनी दुसऱ्या नावानं, वय वीस वर्षं कमी सांगून परत बसवा आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा.

पायाच्या डिटॉक्सला बाई भुलल्या, कारण पाणी डोळ्यांदेखत तांबडं-काळं झालं. टबात कोमट पाणी, चमचाभर मीठ आणि मध्ये विजेवर चालणारी लोखंडी पट्ट्यांची जोडी. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की पट्टी गंजते. तो गंजच पाण्यात उतरतो. मीठ जास्त घातलं, वेळ वाढवला, की रंग गडद. “हे बघा, लिव्हरची घाण” म्हणून दाखवतात तो हा गंज. पाय न बुडवता तेच यंत्र दहा मिनिटं चालवायला सांगा. पाणी तसंच तांबडं होतं. पट्ट्या मात्र दर थोड्या दिवसांनी बदलाव्या लागतात, कारण त्या झिजतात. घाण शरीरातून येत असती, तर लोखंड कशाला झिजलं असतं?

आता मूळ मुद्दा, ज्याच्यावर अठरा हजार गेले. बाईंना सांगितलं, “तुमची प्रकृती वाताची आहे, ती तीन महिन्यांत बॅलन्स करून देतो.” या एका वाक्यावर उठून बाहेर यायला हवं. प्रकृती म्हणजे माणसाची मूळ ठेवण. ती गर्भधारणेच्या वेळी ठरते आणि जन्मभर तीच राहते, असं शास्त्र सांगतं. ती आजार नाही, तिला औषध नसतं. बिघडते ती विकृती, म्हणजे आत्ता वाढलेला किंवा कमी झालेला दोष (वात, पित्त किंवा कफ). पित्त प्रकृतीच्या माणसाचा वात बिघडू शकतो आणि मग उपचार वाताचा करायचा असतो. शिबिरातले बारा प्रश्न ‘सध्या काय होतंय’ एवढंच विचारतात आणि उत्तराला प्रकृती म्हणतात. खरी प्रकृती बघताना लहानपणापासूनची ठेवण विचारतात : अंगकाठी, केस, भूक वेळेवर लागते की कधीही, घाम, झोप, थंडी सोसते की ऊन, शिकलेलं लगेच आठवतं की हळूहळू. प्रकृती सात प्रकारची, आणि बहुतेक माणसं दोन दोषांच्या मिश्रणाची असतात. निव्वळ ‘वात’ असा शिक्का मारून किट देणं हे साच्यातून गणपती काढल्यासारखं आहे.

आहाराचा छापील कागद बघा. ज्वारी बंद, तूरडाळ बंद, वांगं बंद, ताक बंद. त्याऐवजी ओट्स, क्विनोआ, उकडलेला दुधी, सकाळी गरम पाण्यात मध आणि त्यांचा आटा. मराठवाड्यातल्या घरातून ज्वारी आणि तूर काढली तर ताटात उरतं काय? पण तक्रार फक्त सवयीची नाही. हा कागद ज्या शास्त्राचं नाव घेतो, त्याच्याच विरुद्ध आहे.

आहार ठरवताना आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार चरक यानं आठ गोष्टी सांगितल्या आहेत : पदार्थाचा स्वभाव, त्यावरचा संस्कार, संयोग, मात्रा, देश, काळ, खाण्याचे नियम आणि खाणारा माणूस. ज्वारी रूक्ष, म्हणजे कोरडी, हे खरं. म्हणून ती बंद करत नाहीत, तिच्यावर संस्कार करतात. तव्यावरून उतरलेली गरम भाकरी, वर चमचाभर तूप. तुरीच्या वरणाला हिंग, जिरं, आल्याची फोडणी आणि वरून पुन्हा थोडं तूप. वातासाठी एवढा फरक पुरतो. शिळी भाकरी आणि कोरडी चटणी दोन्ही वेळा खाल्ली, तर मात्र त्रास होणार. घरात कुणी पित्ताचं असेल तर त्याच ताटातला ठेचा आणि तेलाची तर्री बाजूला काढा, आमसुलाचं सार द्या. कफाचं असेल तर तूप कमी, रात्रीची भाकरी अर्धी, कुळथाचं माडगं, मेथी. पातेलं एकच, वाढताना फरक. ‘प्रकृती आटा’ नावाखाली आलेल्या पिशवीवर घटकांत गहू, नाचणी, सोया लिहिलं होतं. किलोला २४० रुपये मोजून गिरणीतलंच पीठ.

सात्म्य नावाची गोष्टही आहे. पिढ्यान्‌पिढ्या जे अंगवळणी पडलं, ते सहसा बाधत नाही. आणि एखादी अपथ्य सवय सोडायचीच असली तरी एकदम सोडू नये, चतुर्थांश-चतुर्थांशानं सोडावी, असा चरकाचाच नियम. ‘उद्यापासून ज्वारी बंद’ म्हणणाऱ्याला तो ठाऊक नाही. दिवाळीनंतरचा काळ हेमंताचा, तेव्हा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, बलवान असतो आणि स्निग्ध, भरपोट खाणं सांगितलं आहे. त्यात उकडलेला दुधी देणारा कागद बाराही महिने तोच छापला जातो, हे उघड आहे. मध गरम करू नये, गरम पदार्थासोबत घेऊ नये, हेही ग्रंथात स्पष्ट आहे. गरम पाण्यात मध हा सल्ला आयुर्वेदाच्या नावावर कुणी दिला, की समजायचं, ग्रंथ उघडलेलाच नाही.

शुगर असलेल्या माणसाला प्रकृतीपेक्षा भाकऱ्यांची संख्या जास्त महत्त्वाची. त्या कागदावर संख्या कुठंच नव्हती.

आता पुड्या. इथं पैशांपेक्षा जिवाचा प्रश्न आहे. गुडघ्याच्या पांढऱ्या पाकिटानं तिसऱ्या दिवशी ठणका गेला. सांधेदुखीवर वनस्पतींचं चूर्ण सहसा इतक्या झटपट काम करत नाही. अशा पुडीत स्टिरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्या कुटून मिसळल्याची शंका घ्यायला हवी. स्टिरॉइडची खूण अशी : भूक वाढते, चेहरा गोल होतो, पाय सुजतात, शुगर आणि बीपी चढतं. काही आठवडे घेऊन झाल्यावर शंका आली, तर पुडी मनानं एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असतं, त्यामुळे चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं होऊ शकतं. पाकीट घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शुगरच्या किटबरोबर “इंग्रजी गोळ्या बंद करा” असं तोंडी सांगितलं गेलं. लेखी कधीच देत नाहीत. गोळ्या बंद केल्या आणि पुडीत काहीच नसलं तर साखर चढते. पुडीत मधुमेहाची गोळीच कुटलेली असली आणि घरच्या गोळ्याही चालू राहिल्या, तर साखर खाली जाते. रानात अकराच्या सुमारास घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी परत बघा, मग काही खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

बाईंना ‘पोट साफ’ची तिसरी डबी होती. त्यात बहुधा सोनामुखी असते. पाच दिवसांत तीन किलो उतरले म्हणून त्या खूश झाल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. जुलाबानं गेलं ते पाणी. तीन किलो चरबी पाच दिवसांत जायला जवळपास २३,००० कॅलरींची तूट लागेल. सोनामुखी रोज घेतली की क्षार जातात, पायात गोळे येतात आणि पुढं डबीशिवाय पोट हलत नाही.

फॉलोअपच्या फोनवर पुढचा टप्पा आला : लॉजवर तीन दिवसांत संपूर्ण पंचकर्म, १५,००० रुपये. हे होऊ शकत नाही, हिशेबच बघा. फक्त विरेचन (औषधानं जुलाब करवणं) करायचं तरी आधी दीपन-पाचन, म्हणजे भूक आणि पचन सुधारणं, मग वाढत्या मात्रेत ३ ते ७ दिवस तूप, मग साधारण तीन दिवस मालीश आणि वाफ, एक दिवस विरेचन, त्यानंतर शुद्धी किती झाली त्याप्रमाणे ३, ५ किंवा ७ दिवस पेज, विलेपी (घट्ट पेज), कढण असा चढता आहार. दोन आठवडे सहज जातात. वमन (उलटी करवणं) वसंतात, विरेचन शरदात, बस्ती (औषधी एनिमा) पावसाळ्यात असा ऋतूही ठरलेला असतो. पाचही कर्मं एकाच माणसाला एकाच फटक्यात करतही नाहीत. तीन दिवसांत जे मिळतं ते तेल चोळणं, वाफ आणि जुलाबाची पुडी. तुपा-तेलाच्या या तयारीशिवाय (स्नेहनाशिवाय) दिलेल्या जुलाबानं हेच सांधे जास्त दुखू शकतात, कारण वात आणखी वाढतो.

लेबल वाचायला दोन मिनिटं लागतात. आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर उत्पादकाचा पत्ता, औषध परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि घटक हवेत. पारा, बिब्बा यांसारखी विषारी द्रव्यं असतील तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना हवी. या किटवर होता तो फक्त चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आणि एजंट “सरकारमान्य” म्हणून त्यावर बोट ठेवत होता. तो खाद्यपदार्थाचा क्रमांक आहे. त्या क्रमांकावर मधुमेह बरा करण्याचा दावा करता येत नाही. आणि मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात मुळातच बंद आहे. म्हणून फ्लेक्सचा फोटो जपून ठेवायचा.

फ्लेक्सवर ‘आयुर्वेदाचार्य, नाडीतज्ज्ञ’ लिहायला पेंटरशिवाय कुणाची परवानगी लागत नाही. विचारायचा तो नोंदणी क्रमांक. बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी साडेपाच वर्षांची असते, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. राज्यातली नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते. दुसरं मत हवं असेल तर नांदेडला आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. प्रकृती तिथं कळेल, मशीनशिवाय.

पैसे गेलेच असतील तर पाकीट, पावती, चिठ्ठी, फ्लेक्सचा फोटो, क्यूआर कोडवर दिसलेलं नाव, हे सगळं एका पिशवीत. किमान एक पाकीट सीलबंद ठेवा, फोडलेल्या पुडीचा फारसा उपयोग होत नाही. औषधाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पावतीवर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ छापलं आहे म्हणून तक्रार अडत नाही. फोनवरून लिंक पाठवून पैसे काढून घेतले असतील, तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

तक्रारीची कुणकुण लागली की एजंट घरी येतो. “मामा, पैसे तर नाही, पण भारीतलं किट बदलून देतो, इथं फक्त एक सही करा.” त्या कागदावर ‘माल बदलून मिळाला, तक्रार नाही’ असं लिहिलेलं असतं. किट घेऊ नका, सहीही करू नका. कागदाचा फोटो काढायला मागा. बहुतेक वेळा कागद घाईघाईनं घडी होऊन खिशात जातो.