व्हीएआर: रेषेला पाच तारे, हाताला दीड

शाळांच्या फुटबॉल सामन्यांत मी बरीच वर्षं शिट्टी फुंकली आहे. पंचाला शिव्या घालायला माझी जीभ सहसा वळत नाही, पण त्याच्या मदतीला बसवलेल्या या व्हिडिओ खोलीबद्दल, म्हणजे चित्रफीत बघून पंचाचे निर्णय तपासणाऱ्या व्हीएआरबद्दल, बोलायला काहीच हरकत नाही. विश्वचषकात ती 2018 पासून आहे.

मोजमापाचा प्रश्न असेल तर तंत्रज्ञानाला तोड नाही. 1966 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या हर्स्टचा फटका बारवर आदळून खाली पडला, लाइन्समन बाखरामोव्हने गोल दिला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. 2010 मध्ये जर्मनीविरुद्धच इंग्लंडच्या लँपार्डचा चेंडू चांगला हातभर आत पडला. घरात बसून आम्हाला दिसला, मैदानातल्या पंचांना दिसला नाही. 2014 च्या विश्वचषकापासून पंचाच्या मनगटावरचं घड्याळच सांगतं, गोल की नाही. आणि 2022 चा जपान-स्पेन सामना! गोलच्या आधी जपानच्या मितोमाने चेंडू रेषेवरून ओढला तेव्हा तो बाहेर गेल्याची मी पैज लावली असती. वरून घेतलेल्या चित्रात त्याच्या फुगीर कडेचा 1.88 मिलिमीटर भाग रेषेवर होता. गोल कायम, जपान पुढे, त्याच गटातला जर्मनी घरी. इथे पूर्ण पाच तारे.

तरी जून 2020 मध्ये इंग्लंडमधल्या ॲस्टन व्हिला-शेफील्ड युनायटेड सामन्यात गोलरक्षक चेंडू कवटाळून गोलच्या आत गेला, सगळ्या कॅमेऱ्यांच्या आड माणसं आणि खांब आले आणि घड्याळ गप्प राहिलं. सामना 0-0. यंत्र चुकलं, ठीक आहे. पण व्हिडिओ खोलीतला माणूस डोळ्यांनी काय बघत होता?

खरी पंचाईत हाताला चेंडू लागला की सुरू होते. 2018 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला, पंच पिताना पडद्यापाशी गेले, परत फिरले, पुन्हा बघायला गेले आणि शेवटी पेनल्टी दिली. नियमानुसार खोलीने फक्त स्पष्ट आणि ढळढळीत चूक दाखवायची असते. पंचाला दोनदा जाऊन बघावं लागतं, तिथे ढळढळीत काय उरलं? त्यातून स्लो मोशन! हळू चालवलं की प्रत्येक हात मुद्दाम पुढे आल्यासारखा दिसतो आणि प्रत्येक टॅकल खुनशी. जागेसाठी, संपर्कासाठी हळू बघा. हेतू आणि जोर आधी खऱ्या वेगात बघा. शिट्टी हातात घेतलेला कोणीही हेच सांगेल. दीड तारा, तोही जीवावर येऊन.

संवादाला मात्र शून्य द्यावासा वाटतो. सप्टेंबर 2023, टॉटनहॅम-लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या डियाझचा गोल मैदानावर ऑफसाइड (पास मिळताना नियमबाह्य जागी पुढे) ठरला. खोलीतल्यांनी तपासलं, तो ऑफसाइड नव्हताच; पण मैदानावर गोल दिलाय असं समजून ते 'तपास पूर्ण' म्हणाले. खेळ सुरू झाला, मग घोळ लक्षात आला, आणि आता थांबवता येत नाही म्हणून गप्प बसले. लिव्हरपूल 2-1 ने हरलं. यंत्र, रेषा, कॅमेरे सगळे बरोबर होते! 'निर्णय: गोल' एवढं कोणी मोठ्याने म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

2023 च्या महिला विश्वचषकात पंचांनी माइकवरून अंतिम निर्णय जाहीर केले, ते चांगलं झालं. पण रग्बीत पंचांची आतली चर्चासुद्धा तिथल्या तिथे ऐकू येते. फुटबॉलला कसली लाज वाटते कोण जाणे. तिकीट काढून बसलेल्याला 'तपास सुरू' एवढीच पाटी आणि शेजाऱ्याचे अंदाज.

बंद करा म्हणाल तर नाही. 2024 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या क्लबांनी 19 विरुद्ध 1 मतांनी ही सेवा ठेवली. माझंही मत त्या 19 बरोबर पडलं असतं. 1986 मध्ये मॅराडोनाने हाताने केलेला गोल आज अर्ध्या मिनिटात रद्द झाला असता. एकूण तीन तारे. नव्याने बघणाऱ्यांनी एवढं करा: गोल झाला की नाचण्याआधी सहायक पंचाकडे बघा, ऑफसाइडची शंका असली तरी ती चढाई संपेपर्यंत झेंडा रोखून धरायची सूचना असल्याने तो हल्ली उशिरानेच वर जातो.