राउटनोटची फुकट योजना अहिराणी गायकाला परवडते का?

आपलं गाणं स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन आणि इन्स्टाग्रामच्या ऑडिओत यावं असं वाटत असेल, तर नव्या गायकाला तिथे थेट दार नाही. मध्ये वितरक लागतो. राउटनोट ही इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची अशीच एक कंपनी. तिची फुकट योजना सरळ आहे: गाणं चढवायला एक रुपया नाही, कमाईतले १५ टक्के त्यांचे, ८५ टक्के तुमचे. कानबाईच्या उत्सवाची, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), वरातीची गाणी करणाऱ्याला ही योजना परवडते. मात्र ती आपली प्रसिद्धी करेल या आशेवर बसलात तर हिरमोड ठरलेला. गाणं पोचवणं एवढंच तिचं काम, आणि तेही अर्ज नीट भरला तरच.

फुकटातलीच योजना का? डिस्ट्रोकिड कमाईत वाटा मागत नाही, पण दरवर्षी वर्गणी घेते. वर्गणी थांबली की गाणं खाली उतरू शकतं, ते कायम ठेवायचं तर वेगळे पैसे. त्यात परदेशी वर्गणी भारतीय कार्डावरून आपोआप कापली जाताना रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासूनच्या नियमांमुळे अडू शकते. सीडी बेबी गाणं चढवताना एकदाच फी घेते, वर कमाईतले ९ टक्के. वर्षाला दोन-तीन गाणी काढणाऱ्या आणि कार्यक्रमांच्या सुपारीवर घर चालवणाऱ्या गायकाने वर्गणीचं ओझं कशाला घ्यायचं? दर महिन्याला नवं गाणं काढत असाल आणि ऐकणारेही असतील, तर मात्र १५ टक्के जड वाटू लागतात. राउटनोटमध्येच नंतर पैसे भरून शंभर टक्क्यांच्या योजनेत जाता येतं, म्हणून सुरुवात फुकटात करायला हरकत नाही.

अर्जात पहिली ठेच लागते ती कव्हरला, म्हणजे गाण्यासोबत दिसणाऱ्या चित्राला. आपल्याकडचं पोस्टर डोळ्यांसमोर आणा: फेटा बांधलेला गायक, खाली ‘सुपारीसाठी संपर्क’ आणि दोन मोबाइल नंबर, कोपऱ्यात यूट्यूबची लाल घंटी, वर ‘लवकरच येत आहे’. यातला फेटा सोडला तर बाकी सगळं काढावं लागतं. नंबर, इन्स्टाचा आयडी, वेबसाइट, दुसऱ्या ॲपचं चिन्ह यांपैकी काहीही दिसलं की कव्हर परत येतं. चित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, जेपीजी. डिझायनरकडून ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेऊ नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो दाबला जातो आणि मग ताणून मोठा केला की अक्षरं फाटतात. नंबराचं पोस्टर वेगळं करून स्टेटसला ठेवा, तिथे त्याचा उपयोग आहे.

नावाच्या रकान्यात ‘सुपरहिट अहिराणी डीजे साँग’ असलं काही लिहू नका. तिथे फक्त गाण्याचं नाव. हे शब्द यूट्यूबच्या शीर्षकात चालतात. भाषेच्या यादीत अहिराणी दिसली नाही तर मराठी निवडा. गीतकार-संगीतकारांची पूर्ण नावं लागतात. ‘पाटील सर’ किंवा ‘मास्टर’ चालत नाही. गायकाच्या इंग्रजी नावाचं स्पेलिंग पहिल्या गाण्याला जे दिलं तेच कायम ठेवा. पाटील, महाजन, चौधरी आडनावाचे गायक गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे दुसऱ्याच कोणाच्या पानावर आपलं गाणं जाऊन बसतं. दुसऱ्या गाण्यापासून अर्जात आपल्या स्पॉटिफाय पानाची लिंक द्यायची, म्हणजे ही भानगड टळते.

ऑडिओ वेव्ह फाइलमध्ये दिलेला बरा, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ किंवा २४ बिट. एमपी३ ची वेव्ह करून काही साधत नाही, गेलेला आवाज परत येत नाही. स्टुडिओचे पैसे चुकते करतानाच तीन फाइली मागून घ्या: पूर्ण गाणं, मायनस ट्रॅक (गळा वगळून नुसतं संगीत) आणि नुसता गळा. सहा महिन्यांनी मागायला गेलात तर प्रोजेक्ट उडालेला असतो आणि स्टेजवर गायला मायनस नसतो. आवाज फार ठोकून मोठा करू नका. स्पॉटिफाय गाणं साधारण उणे १४ लफ्सवर (लफ्स म्हणजे आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) आणून वाजवतं, म्हणजे दाबून वाढवलेला आवाज तिथे खाली येतो आणि ढोलकीची थाप मात्र मेलेली राहते. डीजेसाठी मोठ्या आवाजाची आवृत्ती वेगळी काढा.

आता खरी गोम: गाणं तुमचं आहे का? कानबाईच्या ओव्या पारंपरिक, त्यांवर कोणाची मालकी नाही. पण यूट्यूबवरून उतरवलेल्या ट्रॅकवर गायलात, तर त्या ट्रॅकचा मालक वेगळा. हिंदी सिनेमाच्या चालीवर अहिराणी शब्द बसवणं ही आपली जुनी खोड, आणि अडचण नेमकी तिथेच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी मध्ये कव्हर गाण्याची, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गाऊन काढायची सोय आहे, पण मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपून पाच वर्षं व्हावी लागतात, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते आणि शब्द-चालीत बदल चालत नाही. नवे शब्द घातले की ती सोय संपली, मालकाची थेट परवानगी हवी. अशी गाणी वितरकाकडे न पाठवलेलीच बरी.

राउटनोटमध्ये यूट्यूब कंटेंट आयडी निवडता येतो. कोणी तुमचं गाणं लग्नाच्या व्हिडिओवर टाकलं तर यूट्यूब ते ओळखतं आणि जाहिरातीचे पैसे तुमच्याकडे वळवता येतात. खान्देशी गाण्याला याचा उपयोग मोठा, कारण आपली गाणी लोक आपापल्या व्हिडिओंना लावतात. पण ताल कीबोर्डच्या तयार स्टाइलचा किंवा विकत घेतलेल्या लूपचा (तालाच्या तयार तुकड्याचा) असेल तर हा पर्याय बंद ठेवा. तोच लूप आणखी शंभर जणांच्या गाण्यात असतो. मग दावे-प्रतिदावे होतात आणि कंटेंट आयडीची सोयच काढून घेतली जाऊ शकते. दुसरी गंमत म्हणजे दावा तुमच्याच चॅनलवरच्या व्हिडिओवरही येतो. घाबरून व्हिडिओ उडवू नका. आपल्या चॅनलला सूट द्या म्हणून वितरकाला कळवायचं.

मेटाचा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामचा पर्याय चालू ठेवा. तो बंद राहिला तर रीलवर ‘ओरिजिनल ऑडिओ’ दिसतो आणि गायकाचं नाव कुठेच येत नाही.

पैशाचं आधीच सांगितलेलं बरं. ५० डॉलर साठल्याशिवाय राउटनोट पैसे देत नाही. ८५ टक्क्यांच्या हिशेबाने ॲपवाल्यांकडून ५९ डॉलरच्या आसपास यायला हवेत. त्यात २०२४ पासून बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय काहीच देत नाही. अहिराणीचा श्रोता मुख्यतः यूट्यूबवर, आणि तिथे स्वतःच्या चॅनलच्या जाहिरातींसाठी १,००० सबस्क्रायबर लागतात, आणि त्यांच्या जोडीला वर्षात ४,००० तास पाहणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू. चॅनलचा हा पैसा वितरकाकडून येत नाही.

त्यामुळेच एखादा मोठा चॅनलवाला ‘गाणं आमच्याकडे द्या’ म्हणतो तेव्हा कागद वाचून सही करा. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जग’ असं छापलेलं असतं ते खोडायला लावा. गाणं चॅनलला दिलं आणि वर राउटनोटवरही चढवलं, तर दोन्हीकडून दावा येतो आणि चुकीची बाजू तुमची असते.

फुकट योजनेत तपासणीला वेळ लागतो, आणि एक दुरुस्ती आली की रांग पुन्हा पहिल्यापासून. कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. त्यासाठीचं गाणं आषाढ लागायच्या आत जमा झालेलं हवं. स्पॉटिफायच्या कलाकार पानावरून प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांना गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी, आणि एकदा गाणं बाहेर आलं की ती संधी गेली. आखाजी आणि लगीनसराईच्या गाण्याला महिनाभर हाताशी ठेवा. त्या महिन्यात चोपडा, शिरपूर, शहाद्याच्या डीजेवाल्यांना मोठ्या आवाजाची ती आवृत्ती पेनड्राइव्हवर नेऊन द्या, फाइलच्या नावात गायकाचं नाव घालून. वरातीत लोक विचारतात ते डीजेवाल्यालाच.