उरण रेल्वे स्टेशन : दहा महिने रोज ये-जा केल्यावरचा अनुभव

नोव्हेंबर २०२४ मध्ये उरण स्टेशन सुरू होऊन दहा महिने झाले, हा तेव्हाचा अनुभव. बरेच जण विचारतात की रोज जाण्यासारखं आहे का, उरणला घर घ्यावं का, मुलीला नेरूळच्या कॉलेजला घालावं का, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते. मी केगावला राहते, नोकरी वाशीला. आधी सोळा वर्षं एसटी आणि बसने जात होते, जानेवारीपासून ट्रेनने जातेय, मधल्या आजारपणाच्या आणि सणावाराच्या सुट्ट्या सोडल्या तर रोज.

१२ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्याच दिवशी अटल सेतूचंही होतं त्यामुळे टीव्हीवर सगळीकडे सेतूच दिसत होता, पण आमच्याकडे विषय एकच होता, गाडी. बाहेरच्यांना ते कळणार नाही कदाचित. हा नेरूळ/बेलापूर-उरण मार्ग मंजूर झाला नव्वदच्या दशकात. मी तेव्हा शाळेत होते आणि तेव्हापासून "पुढच्या वर्षी गाडी येणार" हे ऐकतेय. खारकोपरपर्यंत ११ नोव्हेंबर २०१८ ला आली आणि तिथेच पाच वर्षं थांबली. त्या पाच वर्षांत माझे कितीतरी ओळखीचे लोक भाड्याने उलवे, सीवूड्सला राहायला गेले, कारण रोज चार तास रस्त्यात घालवून माणूस घरी येतो तेव्हा तो माणूस उरलेला नसतो.

रस्त्याचं सांगते. उरणहून निघालं की बंदराचे कंटेनरवाले ट्रेलर, गव्हाण फाटा, जासईचा रस्ता, कधी एखादा ट्रेलर आडवा झाला की संपलं, एक तासाचे अडीच तास होणार. ऑफिसमध्ये उशिराचं कारण दर वेळी तेच असायचं आणि दर वेळी खरं असायचं, तरी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसायचं की विश्वास नाही. दुसरा रस्ता मोऱ्याची लाँच, भाऊच्या धक्क्यापर्यंत. ती बाबांच्या पिढीची. लाँच चांगलीच आहे पण मोरा बंदरात गाळ, मोठी ओहोटी असली की खोळंबा, आणि वाशीला जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

बाबांना मी पहिल्या रविवारी, १४ जानेवारीला घेऊन गेले. वय चौऱ्याहत्तर. सकाळी सहालाच धुतलेलं धोतर आणि टोपी घालून तयार. प्लॅटफॉर्मवर तोबा गर्दी, निम्मी माणसं नुसती बघायला आलेली, पोरं सेल्फी काढतायत, आणि लांबून हेडलाईट दिसल्याबरोबर एक म्हातारी मोठ्याने ओरडली, "गारी आली गो बाय, गारी आली!" आणि सगळा प्लॅटफॉर्म टाळ्या वाजवायला लागला. बाबा खिडकीत बसले ते नेरूळ येईपर्यंत एक शब्द माझ्याशी बोलले नाहीत. द्रोणागिरी गेल्यावर बोटाने काचेवर दाखवत नुसतं स्वतःशीच म्हणत होते, हे मिठागर अमक्याचं, इथे आमचं भाताचं शेत होतं, ही खाडी आम्ही पोहून जायचो. जासई-धुतूमच्या बाजूला गाडी आली तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला इथल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या जमिनीसाठीच्या त्या लढ्यात बाबाही होते. गाडीत बसलेल्या पोरांना ते माहीत असेल नसेल, पण या रुळांखालची जमीन कोणाची होती हे गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी विचारावं असं मला मनापासून वाटतं. स्टेशनच्या नावांवरून गावांनी आंदोलनं केली, न्हावा शेवाला नवघर म्हणा, द्रोणागिरीला बोकडवीरा म्हणा, ती मागणी मला तरी अगदी रास्त वाटते. गावाची जमीन गेली, निदान नाव तरी पाटीवर राहू दे.

बरं आता रोजच्या वापराचं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. उरण ते नेरूळ पाऊण तासाच्या आत, आणि रोज तेवढाच. हे "रोज तेवढाच" मला कोणी पैसे देऊन विकत दिलं असतं तरी घेतलं असतं. आता मी ऑफिसमध्ये सांगू शकते की मी इतक्या वाजता पोचणार आणि पोचते. उरण शेवटचं स्टेशन असल्यामुळे सकाळी बसायला जागा मिळतेच, संध्याकाळी नेरूळलाही गाडी तिथूनच सुटते त्यामुळे पाच-दहा मिनिटं आधी पोचलात तर बसून येता. मुंबईच्या लोकलची धक्काबुक्की डोक्यात असेल तर ती इथे अजून नाही. पास एसटीच्या मानाने इतका स्वस्त पडतो की पहिल्या महिन्यात मी तीनदा हिशोब केला, मला वाटलं काहीतरी चुकतंय.

पण फेऱ्या. खरा प्रश्न हा आहे आणि बाकी सगळं मी सहन करेन पण हे बदलायलाच पाहिजे. २०२४ मध्ये दिवसभरात मिळून चाळीस फेऱ्या होत्या, म्हणजे जायला वीस यायला वीस. एक गाडी चुकली की जवळजवळ तासभर बसा. त्यात निम्म्या गाड्या नेरूळहून आणि निम्म्या बेलापूरहून. नवीन माणसाचा इथेच घोळ होतो, नेरूळला येऊन उभा राहतो आणि त्या वेळची गाडी बेलापूरहून निघून गेलेली असते. माझं झालंय असं दोनदा. म्हणून सांगते, टाइमटेबलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवाच आणि नेरूळची गाडी चुकली तर तिथे बसून राहू नका, पनवेल किंवा बेलापूरची हार्बर लाईनची लोकल पकडा आणि बेलापूरला जाऊन पुढची उरण गाडी बघा, मधे फक्त सीवूड्स आहे, बऱ्याच वेळा जमतं.

हार्बरशी मेळ नसणं हे त्याहून वाईट. वाशीहून माझी लोकल तीन मिनिटं उशिरा आली की नेरूळला जिन्यावरून धावाधाव, सगळे धावतात, साडीवाल्या बायका, पाठीवर सॅक घेतलेली पोरं, एकजण तर रोज हातात भाजीची पिशवी घेऊन धावतो, आणि आपण शेवटच्या पायरीवर असताना गाडी हलते. जूनमध्ये एकदा माझ्यासमोर एक गरोदर बाई अशी राहिली. तिने काही आरडाओरडा केला नाही, बाकावर बसली, चप्पल काढली, पाय वर घेऊन चोळत राहिली. पाय सुजलेले होते. पुढची गाडी पंचावन्न मिनिटांनी. मी चढले असते तर चढले असते पण तिला एकटं टाकून जावंसं वाटलं नाही, मग दोघी बसलो. दोन-तीन मिनिटं गाडी थांबवली तर कोणाचं काय जातं हे मला अजून कळलेलं नाही. गर्दीच्या वेळेला तरी अर्ध्या तासाने एक गाडी हवी, ही मागणी आम्ही सह्या गोळा करून दिलेली आहे, परत देऊ.

दुसरं म्हणजे स्टेशनच्या बाहेरचं. स्टेशन कोटनाक्याला, तिथून बाजारात चालत जाता येतं पण केगाव, नागाव, मोरा, करंजा या बाजूच्या माणसाला रिक्षा किंवा मिनीडोर लागतेच. दिवसा मिळते. रात्री साडेनऊनंतरच्या गाडीला उतरलं तर नशीब. आणि सुरुवातीचे महिने बाहेरच्या रस्त्यावर काही पट्ट्यात दिवेच नव्हते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही सहा-सात बायका गाडीतच ठरवायचो, उतरल्यावर एकमेकींसाठी थांबायचं, मग मोबाईलचे टॉर्च लावून ओळीने नाक्यापर्यंत चालायचं, सगळ्यात पुढे ती बाई जी सीवूड्सच्या एका दवाखान्यात आया आहे, ती कोणाला घाबरत नाही. त्यातूनच आमचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. आता त्यात ऐंशीच्या वर बायका आहेत. "सुटली", "खारकोपर", "आज दहा मिनिटं लेट" एवढेच मेसेज, आणि तीन रिक्षावाले दादा पण त्यात घेतलेत, गाडी किती वाजता लागणार ते त्यांना कळतं आणि ते बाहेर उभे असतात. माझी मुलगी क्लासवरून उशिराच्या गाडीने येते तेव्हा मी तो ग्रुप उघडूनच बसलेली असते. दिवे आता बरेचसे लागलेत, सगळे नाही.

पावसाळ्यात काय होतं ते बघायचं होतं म्हणून मी हे आधी लिहिलं नाही. गाड्या चालल्या. एसटी जिथे अडकून पडली असती तिथे आम्ही वरून निघून गेलो. पण रुळांखालून गावात जायचे जे भुयारी रस्ते केलेत त्यात पाणी भरतं. आमच्या ऑफिसच्या वेळेच्या ट्रेनमधली एक मैत्रीण रोज असल्या एका रस्त्याने स्टेशनला येते, जुलैत एक दिवस तिच्या स्कूटरच्या सीटपर्यंत पाणी होतं, ती स्कूटर ढकलत आली आणि ओल्या साडीत वाशीपर्यंत गेली. पंप लावतात, पंप बंद पडतो. प्लॅटफॉर्मवर खाडीचा वारा इतका असतो की पाऊस आडवा येतो आणि छप्पर असून भिजायला होतं, तेव्हा पत्र्याच्या मधल्या भागात उभे राहा. टॉयलेटला मी गेले तेव्हा निम्म्या वेळा कुलूप होतं. बायकांसाठी ही छोटी गोष्ट नाही, तासाने गाडी असलेल्या ठिकाणी तर नाहीच.

एक गोष्ट जी कुठल्या बातमीत आली नाही ती सांगते. सकाळच्या गाडीत सामानाच्या डब्यात करंजा, मोऱ्याच्या कोळणी असतात. आधी बसमध्ये पाटी घेऊन चढायचं म्हणजे रोजची कटकट, वास येतो म्हणून लोक तोंडावर बोलायचे, पाणी सांडलं म्हणून उतरवायचे, मग चार-पाच जणी मिळून टेम्पो करायच्या आणि धंद्यातले निम्मे पैसे त्यातच जायचे. आता पाट्या डब्यात लावतात, वर ओलं फडकं, बर्फाचा चुरा, खाली कोलंबी, बोंबील, पावसाच्या सुरुवातीला निवट्या, आणि स्वतः पाटीशेजारी जमिनीवर बसून नेरूळ येईपर्यंत हिशोब लावतात. एक मावशी आहेत, सत्तरीच्या, केसात अबोलीचा वळेसर रोज. त्यांनी मला सांगितलं की चाळीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा त्या दुपारी दीडला घरी जाऊन जेवतात. मी एकदा त्यांच्याकडून नेरूळच्या पुलाखाली पापलेट घेतलं तर वर सुकटीची पुडी फुकट घातली, "आपली गाडीवाली हायस ना तू" म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी मात्र गाडीचं रूप बदलतं. पिरवाडीच्या बीचला मुंबई-नवी मुंबईकडून माणसं येतात, रविवारी संध्याकाळी परतीच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते. येऊ देत, उरणच्या दुकानदारांचं भलं होतंय, फक्त रिक्षाचं भाडं आधी ठरवा आणि चिप्सची पाकिटं बीचवर टाकू नका.

घर घेण्याबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, गाडीच्या जाहिरातीवर जाऊ नका, स्वतः एक आठवडा सकाळ-संध्याकाळ प्रवास करून बघा. नोकरी नेरूळ, बेलापूर, वाशी किंवा सीवूड्सला असेल तर आरामात जमेल. सीएसएमटीला रोज जायचं असेल तर गाडी बदलून एका बाजूचे दोन तासाच्या आसपास धरून चाला, आणि रात्रपाळी असेल तर शेवटच्या गाडीची वेळ बघूनच निर्णय घ्या. द्रोणागिरी नोडमध्ये, म्हणजे तिथल्या नव्या वसाहतीत, राहणाऱ्यांना द्रोणागिरी स्टेशन जवळ पडतं. तरघर स्टेशन २०२४ मध्ये बंदच होतं, गाडी न थांबता जायची, बाजूलाच नवी मुंबई विमानतळाचं काम दिसायचं. ११ ऑक्टोबर २०२४ ला तिथे हवाई दलाचं विमान उतरवलं तेव्हापासून सगळे त्या बाजूच्या खिडक्या धरून बसायला लागले.

पहिले सहा महिने मी पास महिन्याचाच काढत होते. मनात असायचं की उद्या काही झालं, गाड्या कमी केल्या, तर पैसे अडकायला नकोत, इतकी वर्षं वाट बघितल्यावर विश्वास लगेच बसत नाही. जुलैत आठ दिवस सलग पाऊस कोसळत होता, तेव्हा सकाळी छत्री उलटीपालटी होत स्टेशनला आले आणि गाडी वेळेवर उभी होती, आत दिवे लागलेले, खिडक्या लावलेल्या. त्याच दिवशी खिडकीवर तीन महिन्यांचा मागितला. ऑक्टोबरमध्ये तो संपला, परत तीन महिन्यांचाच काढलाय, यावेळी मुलीचाही.