गुरांच्या ट्रायलसाठी घेतलेली स्टीलची शिट्टी, एक सीझन वापरून झाल्यावर

कॅटल डॉग ट्रायलला (कुत्र्याने मालकाच्या इशाऱ्यावर गुरं अडथळ्यांतून हाकत न्यायची स्पर्धा) उतरायचं ठरलं तेव्हा मी बूट घेतले, चांगला लांब पट्टा घेतला, रेवासाठी (माझी बॉर्डर कॉली, गुरं-मेंढ्या वळणाऱ्या जातीची कुत्री) घडीचं पाण्याचं भांडं घेतलं आणि शिट्टी मात्र सगळ्यात शेवटी, ती पण प्लास्टिकची, दिसेल ती उचलली. पहिल्याच ट्रायलमध्ये रन (आमची पाळी) चालू असताना तिचं दोरी ओवायचं कान तुटलं आणि शिट्टी गवतात गेली. मग काय, तोंडाने ओरडत सुटले. तीन कालवडी होत्या, रेवा लांब होती, वारा उलटा, आणि मी जसजशी घाबरत गेले तसतसा माझा आवाज चढत गेला. कुत्र्याला शब्दाआधी आवाजातला ताण कळतो. मी "थांब" म्हणत होते आणि तिला त्यात घाई ऐकू येत होती, ती आणखी जोरात आत घुसली, कालवडी फुटल्या, एक गेटच्या बाहेरून निघून गेली. बऱ्याच ट्रायल्समध्ये प्रत्येक अडथळ्यातून जेवढी जनावरं नीट पार होतील तेवढे पॉइंट मिळतात, बरोबरी झाली तर वेळ बघतात, त्यामुळे एक जनावर चुकलं की चुकलंच, ते परत आणून पॉइंट मिळत नाही.

त्यानंतर ही स्टीलची घेतली. पत्र्याची गोल चकती मधून दुमडल्यावर दिसेल तशी अर्धचंद्रासारखी, दोन्ही पत्र्यांतून आरपार एक भोक, आत मणी वगैरे काही नाही. अख्खी वस्तू नाण्यापेक्षा थोडी मोठी. कडा घासून गुळगुळीत केलेल्या आहेत, हे आवर्जून सांगतेय कारण ती जिभेवर बसते आणि प्लास्टिकवालीच्या कडेने माझी जीभ सोलली होती.

आता खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे हिच्यातून नुसती फुस्स हवा येते. पाकिटात कसं वाजवायचं याचा एक कागद नाही आणि ही माझी मोठी तक्रार आहे, कारण अर्धी माणसं इथेच सोडून देत असतील. ओठ बंद, दात हलके टेकलेले, जीभ खालच्या पत्र्याला लागून आणि फुंकर एकदम बारीक, जोर लावला की आवाज येतच नाही. एकदा सूर लागला की जीभ जराशी हलवून तो वर-खाली नेता येतो, आणि हीच या शिट्टीची खरी ताकद, रेफ्रीच्या शिट्टीत हे होत नाही.

शिकताना कुत्र्यासमोर वाजवू नका, प्लीज. चुकीचे सूर कानावर पडत राहिले आणि पुढे काहीच घडलं नाही की त्या आवाजाचा अर्थच कुत्र्यासाठी संपतो. मी गाडीच्या काचा बंद करून, रेवा घरी असताना सराव केला. सूर पक्के झाल्यावर आधी शिट्टी आणि लगेच तिला माहीत असलेला शब्द, असं केलं, उलटं नाही. काही दिवसांत ती शब्दाची वाट न बघता वळायला लागली. आमचं ठरलेलं असं आहे: एक लांब सपाट शिट्टी म्हणजे थांब, दोन छोट्या म्हणजे सरळ जनावरांकडे चाल, "कम बाय" म्हणजे घड्याळाच्या दिशेने फेरीला खालून वर जाणारा सूर आणि "अवे" म्हणजे उलट्या फेरीला वरून खाली येणारा. दोन्हींची सुरुवात वेगळी हवी, कारण वाऱ्यात कधी कधी कुत्र्याला शिट्टीचा पहिला तुकडाच मिळतो.

हे गुरांच्या ट्रायलमध्ये एवढं का महत्त्वाचं? मेंढी बॉर्डर कॉलीच्या नुसत्या नजरेने हलते पण गाय हलेलच असं नाही, ती वळून उभी राहते, मान खाली घालते, बघते तू काय करतेस ते. तिथे कुत्र्याने सरळ तोंडावर चालून जायचं असतं आणि गरज पडली तरच नाकाला किंवा मागच्या पायाला अगदी खाली चावा घेऊन लगेच सोडायचं. शेपटीला लटकणं, कुशीला चावणं हे चालत नाही. (हीलर कुत्र्यांची गंमत बघण्यासारखी असते, टाचेला चावून लाथ यायच्या आत जमिनीला चिकटतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या थॉमस हॉलने १८४० च्या आसपास डिंगोचं (तिथल्या रानटी कुत्र्याचं) रक्त मिसळून जे हॉल्स हीलर तयार केले त्यांच्यातूनच आजचा ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग आलाय.) म्हणजे कुत्र्याला पुढे ढकलणं आणि त्याच क्षणी थांबवणं दोन्ही हातात पाहिजे.

शेवटच्या ट्रायलमध्ये दोन कालवडी कुंपणाच्या आत गेल्या आणि तिसरी गेटच्या तोंडाशीच वळली. डोकं खाली, नाकपुड्यांतून फुस्कारा, समोरची धूळ उडत होती. दोन छोट्या शिट्ट्या दिल्या, एकदम हळू, कारण जनावरं जवळ असताना कर्कश वाजवली तर तीच बिचकतात आणि कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतात. रेवा एक पाऊल, मग अजून एक. नाकाला एकदाच टेकवले दात आणि सोडलं. कालवड वळली, लगेच लांब शिट्टी, आणि रेवा जिथे होती तिथे आडवी. अजून एक सेकंद दाब राहिला असता तर ती कालवड आमच्या अंगावरून परत आली असती. मग "अवे"चा अर्धाच सूर, म्हणजे रेवा कालवडीच्या खांद्याच्या जराशी मागे येईल एवढाच, खांद्याच्या मागून दाब आला की जनावर पुढे जातं आणि खांद्याच्या पुढून आला की मागे फिरतं. कालवड आत गेली, मी गेट लावलं. माझे हात थरथरत होते पण शिट्टी थरथरली नाही, आणि यासाठी मी ही शिट्टी कोणालाही घ्यायला सांगेन.

तक्रारी आहेतच. थंडीत स्टील ओठाला गारठून चिकटल्यासारखं होतं, रनच्या आधी मुठीत धरून गरम करावी लागते. टेन्शनमध्ये तोंड कोरडं पडलं की सूर फुटतो, म्हणून रिंगमध्ये जायच्या आधी एक घोट पाणी प्यायचंच. सोबत आलेली दोरी एकदम टाकाऊ, पहिल्याच दिवशी बदला, आणि जनावरांमागे पळताना शिट्टी तोंडात ठेवू नका, गळ्यात सोडा, अडखळून पडलात तर घशात जाऊ शकते.

आणि कुत्रं अजून जवळून, तोंडी सांगून थांबत नसेल तर हिच्यावर आत्ता पैसे घालवू नका, आधी ते थांबणं पक्कं करा. मी पाचपैकी चार स्टार देतेय, एक कापला तो कागद नाही म्हणून. घेणार असाल तर एकाच वेळी दोन घ्या आणि दोन्हींवर सराव करा, माझी दुसरी त्याच मॉडेलची असूनही थोडी वरच्या पट्टीत वाजते, रेवाला ती ओळखायला चार दिवस लागले.